सगळे मिळून खेळायचा बोर्ड गेम निवडताना

एक जाणकार सगळ्यांच्या चाली ठरवतो आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या सरकवतात, ही सगळ्यांनी एकाच बाजूने खेळून मिळून जिंकायच्या खेळांची नेहमीची अडचण. म्हणून गेम निवडताना आधी एवढंच बघा: प्रत्येकाकडची माहिती वेगळी आहे का? ‘हानाबी’ या पत्त्यांच्या खेळात आपली पानं आपल्यालाच दिसत नाहीत, बाकीच्यांना दिसतात, इशारेही मोजकेच. ‘द क्रू’मध्ये हातातल्या पानांबद्दल बोलायला जवळपास बंदीच. मग दुसऱ्याची चाल कोण ठरवणार?

‘पँडेमिक’ सुरेखच आहे, पण तिथे जवळपास सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असते. ज्याची पाळी, त्याचा शब्द शेवटचा, हे आधीच ठरवून घ्या.

डब्यावरचा खेळाडूंचा आकडा मात्र पाळा. ‘पँडेमिक’ 4 जणांपर्यंत, ‘हानाबी’ आणि ‘द क्रू’ 5 पर्यंत. 6-7 जण असतील तर ‘जस्ट वन’ घ्या.