बांधाचा वाद: शेताची हद्द कायम कशी करून घ्यावी

दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरला जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनी लक्षात येते की पूर्वी ज्यावरून बैलगाडी जात असे, त्या बांधावरून आता माणसालाही धड चालता येत नाही. अशा वेळी सातबारा घेऊन तावातावाने शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये, कारण सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही; हद्द नकाशात असते.

म्हणून पहिले काम कागद जमवण्याचे. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून गटाचा नकाशा, आकारबंद (गटाचे क्षेत्र व आकारणी यांची नोंद) आणि पोटहिस्से पडले असतील तर फाळणी बाराची (पोटहिस्स्यांच्या मोजणीच्या नोंदीची) नक्कल घ्यावी. आकारबंदातले क्षेत्र सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहावे. शेजाऱ्याने दाबले असे वाटणारे दोन गुंठे कधीकधी नोंदीतल्या चुकीतच सापडतात. जमिनीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झालेल्या गावांत जुन्या सर्व्हे नंबराचा नवा गट नंबर कोणता, हेही पाहावे लागते. त्याच वेळी एक साधा हिशेब करावा: 300 फूट लांबीच्या बांधावर दोन फूट अतिक्रमण म्हणजे 600 चौरस फूट, आणि एक गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे वाद अर्ध्या गुंठ्याहून थोड्या अधिक जमिनीचा आहे. त्यासाठी किती वर्षे आणि किती पैसे घालवायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

त्यानंतर हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन करता येतो. त्याला अलीकडचा सातबारा जोडावा लागतो आणि मोजणी नियमित हवी की द्रुतगती, त्यानुसार शुल्क भरावे लागते. अर्जातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे चतुःसीमा, अर्थात चारही बाजूंच्या खातेदारांची नावे व पत्ते. नोटिसा याच पत्त्यांवर जातात. शेजारचा खातेदार मयत असून वारसनोंद झाली नसेल, तर वारसांची नावे स्वतःहून द्यावीत, कारण ज्याला नोटीसच मिळाली नाही असा शेजारी पुढे संपूर्ण मोजणीवर हरकत घेऊ शकतो. उभ्या उसात मोजणी नीट होत नाही, त्यामुळे शेत मोकळे असेल असा काळ धरूनच अर्ज करावा.

मोजणीच्या दिवशी आपली वहिवाट भूकरमापकाला आपणच दाखवायची असते; निशाण्या रोवायला दगड आणि मजूर यांची तजवीजही अर्जदाराकडे असते. शेजाऱ्याला आदल्या दिवशी स्वतः भेटून बोलावणे, हा माझ्या मते नोटिशीइतकाच उपयोगी उपाय आहे, कारण डोळ्यांदेखत झालेली मोजणी माणूस सहसा मान्य करतो. जबाब आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये, आणि हरकत असेल तर ती तिथेच लेखी नोंदवावी.

पुढे ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत, मिळते. तिच्यात अभिलेखाप्रमाणे असलेली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. या दोन रेषांमधला पट्टा म्हणजेच वादाची जमीन. मोजणी मान्य नसल्यास कोणत्याही पक्षाला निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

येथे पुष्कळ जणांची गल्लत होते. भूमी अभिलेख कार्यालय हद्द दाखवते, अतिक्रमण काढून ताबा देत नाही. शेजारी राजीखुशीने मागे सरला नाही, तर ‘क’ प्रतीच्या आधारे दिवाणी न्यायालयात दावा दाखल करावा लागतो, आणि न्यायालय गरजेप्रमाणे कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणी करून घेते. उशीर मात्र करू नये: प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेला ताबा, 12 वर्षे टिकला, तर मालकाचा ताबा मागण्याचा हक्कच धोक्यात येतो. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा अदलाबदलीचा ताबा किमान 12 वर्षांचा असेल, तर राज्य शासनाने 2023 मध्ये आणलेली सलोखा योजना पाहावी. तिच्यात अदलाबदलीच्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी प्रत्येकी 1,000 रुपये इतकी नाममात्र ठेवली होती. अर्ज करण्यापूर्वी योजनेची मुदत तलाठ्याकडे विचारून घ्यावी.

हद्दीचे दगड एकदा रोवले गेले की दोन्ही खातेदारांनी मिळून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि ट्रॅक्टरवाल्याला दगडापासून हातभर अंतर सोडून नांगरण्यास बजावावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी खातेदाराची असते, आणि त्या मुद्दाम उखडणारा दंडास पात्र ठरतो.