सोलरची बॅटरी: आधी मीटरला विचारा
बॅटरी किती मोठी हवी हे विक्रेत्याला विचारण्याआधी मीटरला विचारा. आठवडाभर संध्याकाळी ७ आणि सकाळी ७ वाजता आयातीचा, म्हणजे ग्रिडमधून घेतलेल्या विजेचा, आकडा लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे रात्रीचा वापर. रात्री ४ युनिट लागत असतील तर ५ युनिटची बॅटरी पुरते. नेट मीटरिंग असेल तर ग्रिडला दिलेले जादा युनिट बिलात वळते होतातच, मग बॅटरी बेतानेच घ्या.

हायब्रिड इन्व्हर्टरचं (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणाऱ्या यंत्राचं) सेटिंग मात्र नक्की तपासा. ते ‘बॅकअप’वर राहिलं तर भरलेली बॅटरी वीज जाण्याची वाट बघत बसते, म्हणून ते ‘सेल्फ यूज’वर हवं, म्हणजे रात्री आधी बॅटरीतली वीज वापरली जाते. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल हे आपल्या हातात नाही, पण हौदातलं पाणी टाकीत दुपारी सोलरच्या विजेवर चढवता येतं. आणि बॅटरी गच्चीवर पत्र्याखाली नको. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, उष्णतेने तिचं आयुष्य घटतं.