जुन्या पीसीवर नवं सॉफ्टवेअर, आणि रोज सकाळी 'सर्टिफिकेट वैध नाही'

लक्षण: नवं बिलिंग सॉफ्टवेअर सर्व्हरशी जोडेना, ब्राउझरमध्येही जिथे तिथे सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राचा, इशारा. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, अँटीव्हायरस बंद केला, कॅशे साफ केली. डोक्याला नुसता ताप! मग कोपऱ्यातली तारीख दिसली: १ जानेवारी २००९. त्या हिशेबाने सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. तारीख हाताने बदलली की चाले, मेन स्विच बंद केला की पुन्हा मागे. म्हणजे वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा मदरबोर्डवरचा सेल संपलेला; मल्टीमीटरवर ३ व्होल्टऐवजी २.१.

क्रम असा. आधी बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, एएचसीआय आहे की आयडीई, ते लिहून घ्या. सेल काढल्यावर तो बदलला तर विंडोज बहुधा उठणार नाही. पीसी बंद, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. बाजूची क्लिप दाबली की सेल उडी मारून वर येतो. नवा सीआर२०३२ सेल बसवा, अधिक चिन्ह वर. बायॉसमध्ये तारीख, वेळ आणि साटा मोड तपासून सेव्ह करा. विंडोजमध्ये शेवटी 'सिंक नाऊ', म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणारं बटण. फरक फार मोठा असेल तर ते वेळ जुळवत नाही, म्हणून तारीख आधी बायॉसमध्येच.

सॉफ्टवेअर लगेच जोडलं गेलं.