सहा जण, चार रात्री, ऑर्लँडो : परवडणारा फॅमिली सूट कसा निवडावा

मराठीत 'सूट' म्हटलं की आधी सवलत आठवते. ऑर्लँडोच्या हॉटेलांचे 'फॅमिली सूट' बघताना माझंही मन तिकडेच धावतं, आणि मग आकडा दिसतो. ती सूट वेगळी, हा सूट वेगळा. हा म्हणजे थीम पार्कजवळचं चार दिवसांचं बिऱ्हाड : एक बेडरूम, एक बसायची खोली, कोपऱ्यात मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ही वेळ ठरलेलीच असते. भारतातून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे येतात, मुलांना सुट्टी लागते आणि 'या खेपेला डिस्ने' असं ठरतं. आम्ही अटलांटाहून सात तास गाडी हाकत जातो. आम्ही दोघं, अकरा वर्षांची थोरली, सात वर्षांचा धाकटा, सासूबाई आणि सासरे, अशी सहा डोकी. साध्या खोलीत चौघंच राहू शकतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिल्या खेपेला मी 'सहा जणांची सोय' एवढंच वाचून हायवेलगतच्या एका हॉटेलात सूट घेतला होता. सोय होती, खोटं नाही. पण दोन 'खोल्यां'मध्ये छातीएवढी अर्धी भिंत होती, दार नव्हतं, आणि बाथरूम एकच. सासरे पहाटे चारला उठतात. त्यांनी घसा खाकरला तशी सगळी पलटण जागी झाली. साडेसातला बाथरूमबाहेर चाळीत लागायची तशी रांग, आणि पार्कात पोचेपर्यंत दहा वाजले. तेव्हापासून सूट निवडताना मी पलंग नंतर मोजते, आधी सकाळ डोळ्यांसमोर आणते.

१. आधी पार्क ठरवा

हे सांगायला नको खरं तर, पण लोक आधी स्वस्त हॉटेल धरतात आणि मग रोज गाडीत तासभर घालवतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी पार्कं आहेत : मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम. युनिव्हर्सल हा वेगळा संसार आहे, आणि मे २०२५ पासून त्यात एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कची भर पडली आहे. चारपैकी तीन दिवस डिस्नेला जाणार असाल, तर युनिव्हर्सलचं हॉटेल कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका. उलटही तेच.

२. माणसांची यादी करा, आणि शेजारी त्यांच्या खोडी लिहा

वय प्रवासाच्या तारखेचं धरा. दोन्हीकडे दहा वर्षांपासून पुढे मोठ्यांचं तिकीट लागतं, तीनच्या आतल्या बाळाला तिकीट नाही. हॉटेलच्या साइटवरही खरी डोकी आणि खरी वयं घालूनच दर बघा. 'दोन मोठे' ठेवून दिसलेला दर हा तुमचा दर नसतो.

मग खोडी. कोण घोरतं, कोण पहाटे उठतं, कोणाला रात्री दोनदा उठावं लागतं, कोणाचे गुडघे धरतात. आमच्या यादीत सासूबाईंपुढे 'गुडघे' आणि सासऱ्यांपुढे 'चार वाजता' असं लिहिलेलं असतं. ही यादी पुढच्या प्रत्येक पायरीला लागते.

३. नकाशा बघा : दारं किती, बाथरूम किती

फोटोंवर जाऊ नका. फोटोत रंगीत भिंती दिसतात, दार दिसत नाही. खोलीचा नकाशा शोधा आणि बेडरूमला बंद होणारं दार आहे का, हे आधी बघा. मग पलंग. सूटमध्ये सहसा एकच खरा पलंग असतो, बाकीचे सोफ्यातून किंवा भिंतीतून निघतात.

परवडणाऱ्या सूटांत माझ्या मते विचार करण्यासारखे तीन आहेत.

आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हे डिस्नेचं २०१२ मध्ये उघडलेलं हॉटेल. यातले सूट निमो, कार्स आणि लायन किंग अशा तीन सजावटींचे आहेत. चौथा भाग लिटल मर्मेडचा, पण त्यात साध्याच खोल्या आहेत. नाव बघून फसू नका. शिवाय त्या मुख्य इमारतीपासून सगळ्यात लांब. सूट साधारण ५६५ चौरस फुटांचा आहे. बेडरूमला दार, बाथरूम दोन. बसायच्या खोलीत सोफा उघडतो आणि जेवायच्या टेबलाच्या जागी भिंतीतला पलंग खाली येतो. मुलांना हा प्रकार फार आवडतो. मात्र पोरं एकदा त्यावर झोपली की टेबल गेलं. रात्री साडेनऊनंतर चहा प्यायचा तर बेडरूममध्ये, कुजबुजत. सूटांची दारं आतल्या व्हरांड्यात उघडतात, त्यामुळे बाहेरचा गलका कमी येतो.

ऑल-स्टार म्युझिक हेही डिस्नेचंच, आणि सहसा त्याहून स्वस्त. दोन साध्या खोल्या जोडून हे सूट केले आहेत, जागा थोडी कमी, पण बाथरूम इथेही दोन आणि माणसंही सहाच. दारं थेट बाहेर उघडतात. इमारत जुन्या धाटणीची, गिटार आणि ट्रम्पेटच्या अवाढव्य प्रतिकृती लावलेली. सासऱ्यांनी एका ट्रम्पेटखाली उभं राहून 'हे आपल्या बँडवाल्यांना दाखवलं पाहिजे' म्हणत फोटो काढून घेतला होता.

तिसरं युनिव्हर्सलचं कबाना बे, २०१४ चं. फॅमिली सूट साधारण ४३० चौरस फूट, दोन मोठे पलंग आणि उघडणारा सोफा. बाथरूम एकच आहे, पण तीन कप्प्यांत वाटलेलं : शॉवर वेगळा, कमोड वेगळा, बेसिन वेगळं. ही युक्ती मला फार पटते. एक जण अंघोळीला, एक दात घासतोय, तिसऱ्याची अडचण नाही. आपल्या जुन्या घरांत न्हाणीघर आणि संडास वेगळे असायचे, ते काही उगाच नव्हे. एंडलेस समर या नावाखाली युनिव्हर्सलची सर्फसाइड आणि डॉकसाइड अशी दोन आणखी स्वस्त हॉटेलं आहेत. तिथल्या दोन बेडरूमच्या सूटमध्येही सहा जण मावतात. रांग टाळणारा एक्सप्रेस पास फुकट मिळतो तो युनिव्हर्सलच्या काही महागड्या हॉटेलांत, कबाना बे किंवा या दोन्हींत नाही.

वडीलधारी बरोबर असतील तर फोन करून आणखी एक विचारा : कोणत्या बाथरूममध्ये चालत आत जायचा शॉवर आहे आणि कुठे टब? टबाची कड म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज सकाळी चढायचा गड. बेडरूम कोणाला द्यायची हे आमच्याकडे याच उत्तरावर ठरतं.

४. दोन साध्या खोल्यांशी तुलना केल्याशिवाय सूट घेऊ नका

इथे बहुतेक जण चुकतात. सूट दिसला की 'आपलं कुटुंब मोठं, आपल्याला हाच' असं होतं. पण त्याच तारखांना डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी हॉटेलात किंवा ऑल-स्टारमध्ये दोन साध्या खोल्या कितीला पडतात ते बघा. बऱ्याचदा त्या स्वस्त निघतात, आणि माणसं आठ मावतात.

समजा सूट रात्रीला ४८० डॉलर आणि साधी खोली २१०. दोन खोल्यांचे झाले ४२०. साडेबारा टक्के कर धरला तर चार रात्रींचे सूटला २,१६० आणि दोन खोल्यांना १,८९०. म्हणजे २७० डॉलर वाचले. सगळ्यांची एक दिवसाची जेवणं त्यात निघतात.

मग सूट का घ्यावा? दोन खोल्यांना मध्ये दार हवं. जोडदार असलेल्या खोल्या मिळतात, पण बुक करताना ते स्पष्ट मागून, लेखी घ्यावं लागतं. नाहीतर एक खोली दुसऱ्या मजल्यावर आणि एक शेजारच्या इमारतीत, असंही होऊ शकतं. शिवाय बसायची जागा नसते, सगळे पलंगावर. मुलं लहान, म्हणजे सात-आठच्या आतली असतील तर मी सूटकडे झुकते. थोरली पंधराची झाली की डोळे मिटून दोन खोल्या.

५. दर नव्हे, पूर्ण बिल काढा

ऑर्लँडोत जाहिरातीतला दर आणि शेवटचं बिल यांची गाठ क्वचितच पडते. हॉटेलच्या दरावर ऑर्लँडो ज्यात येतं त्या ऑरेंज काउंटीत साडेबारा टक्के कर आहे, शेजारच्या ऑसिओला काउंटीत साडेतेरा. बाहेरची बरीच हॉटेलं वर रोजची 'रिसॉर्ट फी' लावतात, आणि तिच्यावरही कर. डिस्नेच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी नाही, हॉटेलात गाडी लावायचे पैसे नाहीत, आणि तिथे उतरलेल्यांना पार्कातही गाडी मोफत लावता येते. बाहेरून येणाऱ्याला पार्कात दिवसाला ३० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत मात्र रात्रीचं पार्किंग वेगळं.

बाहेरचं २०० डॉलरचं हॉटेल घेऊ. रिसॉर्ट फी ३५ धरली की २३५. चार रात्रींचे ९४०, कर ११७ आणि वर काही सेंट. हॉटेलचं पार्किंग रोज २० म्हणजे ८०, तीन दिवस पार्कचं पार्किंग ९०. झाले साधारण १,२२८. विमानाने येऊन सात आसनी गाडी भाड्याने घेतलीत आणि तिचे रोजचे ९० धरले तर आणखी ३६०. दोनशेची रात्र चारशेच्या घरात गेली. तरीही बाहेरचं स्वस्त पडू शकतं, विशेषतः आमच्यासारखी घरची गाडी असेल तर. पण मग ते माहीत असून घ्या.

डिस्नेची विमानतळावरून नेणारी मोफत बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. जुन्या ओळखीतलं कोणी 'अगं, ते फुकट नेतात' म्हणालं तर विसरा.

६. पार्कापर्यंत कसं जाणार ते पाहा

आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि पॉप सेंच्युरी या दोन हॉटेलांच्या मधे तळं आहे आणि तिथेच स्कायलायनर या रोपवेचं स्टेशन. २०१९ पासून तो चालू आहे. कॅरिबियन बीच या स्टेशनवर केबिन बदलायची, की हॉलिवूड स्टुडिओज किंवा एपकॉट. मॅजिक किंग्डम आणि अ‍ॅनिमल किंग्डमला बसच. ऑल-स्टारहून सगळीकडे बसच, आणि गर्दी नसते तेव्हा तिन्ही ऑल-स्टार हॉटेलांत मिळून एकच बस फिरते.

स्कायलायनरच्या केबिनमध्ये चढताना ती हळू सरकत असते, पूर्ण थांबत नाही. सासूबाई पहिल्यांदा बिचकल्या. तिथल्या माणसाला सांगा. व्हीलचेअरवाल्यांसाठी थांबलेली केबिन मिळते तिथून चढता येतं. विजा चमकायला लागल्या की रोपवे थांबतो, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वळीव ठरलेला. परतीचा बेत त्या हिशेबाने ठेवा.

डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात राहिलात तर पार्कात रोज अर्धा तास आधी सोडतात. दोन बाथरूमचा खरा उपयोग इथे होतो. त्या अर्ध्या तासात दोन राइड होऊन जातात, ज्यांच्यासाठी दुपारी उन्हात उभं राहावं लागतं.

७. जेवणाची सोय

सूटमधल्या 'किचनेट'ला स्वयंपाकघर समजू नका. शेगडी नसते, घरून आणलेली लावूही देत नाहीत. फोडणीचा विषयच नाही. दीड मिनिटात गरम होणारा तयार भात, फ्रिजमधलं दही, घरून नेलेलं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं, एवढ्यावर आमच्या दोन रात्री निघतात. डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं, काचेचं काही नको. थेपले आणि दशम्या त्यासाठीच. रोज वरण-भाताचा आग्रह असेल, तर सूटचा नाद सोडून शेजारच्या किसिमी गावाकडे पूर्ण स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर बघा.

८. बुकिंग, आणि नंतरची चौकशी

डिस्नेत तिकिटांशिवाय नुसती खोली घेतलीत तर एका रात्रीचे पैसे आधी भरावे लागतात, आणि पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते परत मिळतात. म्हणून सूट लवकर अडवून ठेवावा. मग महिन्यातून एकदा दर बघावा. ऑफर आली आणि खोली शिल्लक असली तर बुकिंग तिच्यात बदलून घेता येतं. ख्रिसमस आणि थँक्सगिव्हिंगचे दर चढे असतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर स्वस्त, पण तो वादळांच्या मोसमाचा मध्य आहे आणि शाळाही सुरू झालेल्या असतात.

बुकिंगनंतर एक छोटी विनंती कळवून ठेवा : खालचा मजला, लिफ्टजवळ, किंवा बसथांब्याजवळ. यातलं एकच मागा. खोली दुपारी तीनला मिळते, युनिव्हर्सलमध्ये चारला. आम्ही अटलांटाहून सकाळी सहाला निघतो, एकच्या सुमाराला पोचतो, सामान काउंटरवर ठेवतो आणि मुलांना पोहायला सोडतो. पोहण्याचे कपडे मात्र डिकीतल्या सगळ्यात वरच्या पिशवीत हवेत.