इंग्रजी उच्चारांच्या अभ्यासाला लागताय? आधी कान तपासा

दुसरी भाषा शिकणाऱ्यांचे उच्चार हा विषय अभ्यासाला घेतला, की बहुतेकांचं लक्ष आधी तोंडाकडे जातं. जीभ कुठे टेकते, ओठ किती गोल होतात, मुखाच्या आकृत्या, तक्ते. भाषाविज्ञानाकडे नव्याने वळलेल्या विद्यार्थ्यांबरोबर काम करताना मी पहिली गोष्ट सांगते ती वेगळी: शिकणाऱ्याला बोलायला लावण्याआधी त्याला काय ऐकू येतंय ते बघा.

'व' घ्या. इंग्रजीत पशुवैद्य म्हणजे 'व्हेट' आणि ओला म्हणजे 'वेट'. पहिल्या शब्दात वरचे दात खालच्या ओठावर येतात आणि हवा घासत बाहेर पडते. दुसऱ्यात दातांचं काही काम नाही. ओठ गोल होतात आणि जिभेची मागची बाजू वर उचलली जाते. आपला 'व' या दोहोंच्या मधला. दात ओठाच्या जवळ येतात, पण हवा घासत नाही. त्यामुळे मराठी कान दोन्ही इंग्रजी ध्वनी एकाच खणात टाकतो. लिहिताना आपण 'व्ह'ची सोय केली खरी, पण 'व्हॅन' आणि 'व्हील' दोन्ही आपण 'व्ह'नेच लिहितो आणि मुळात त्यांचे पहिले ध्वनी वेगळे आहेत. म्हणून ऐकण्याची चाचणी घेताना देवनागरीत लिहिलेले शब्द समोर ठेवू नका. नाहीतर तुम्ही कान नाही, वाचन तपासाल.

चाचणी साधीच असते. अशा जोड्या चार-पाच वेगवेगळ्या इंग्रजी भाषकांकडून ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या, क्रम विस्कटायचा, हेडफोनवर ऐकवायच्या आणि ऐकणाऱ्याने दोन चित्रांपैकी एक निवडायचं. बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास असली, तर तो अंदाजाने बटण दाबतोय. अशा विद्यार्थ्याला 'दात ओठावर ठेव' असं कितीही सांगितलं, तरी कुठल्या शब्दात ठेवायचे हे त्याला ऐकून कळणार नाही.

असं का होतं, याचा विचार जुना आहे. भाषावैज्ञानिक त्रुबेत्स्कॉय यांनी 1939 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली. परकी भाषा आपण त्या चाळणीतूनच ऐकतो. जेनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 चा प्रयोग तर मराठी विद्यार्थ्याने वाचायलाच हवा, कारण त्यात हिंदीतला 'त' आणि 'ट' यांच्यातला भेद वापरला होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो भेद ऐकू येत होता; वर्षाच्या आसपासच्या बाळांमध्ये ती क्षमता बरीच ओसरलेली दिसली. आपल्याला ढळढळीत वाटणारा फरक त्यांच्या कानांनी इतक्या लवकर सोडून दिला होता. इंग्रजीतले काही फरक आपल्या कानांनीही तसेच सोडलेले असतात.

पुढचे दोन सिद्धांत कॅथरीन बेस्ट आणि जेम्स फ्लेगे यांचे. दोन परके ध्वनी मातृभाषेतल्या एकाच ध्वनीसारखे वाटले, तर ते वेगळे ओळखणं सगळ्यात अवघड, असं बेस्ट सांगतात. फ्लेगे यांचा भर यावर, की आपल्या ध्वनीच्या अगदी जवळचा परका ध्वनीच जास्त चकवतो. नवशिक्यांना उलट वाटतं. त्यांची भीती अनोळखी ध्वनींची असते. माझ्या मते खरी मेहनत ओळखीच्या वाटणाऱ्या ध्वनींवर हवी. शब्दारंभीचा इंग्रजी 'प' बघा. ओठ उघडल्यावर स्वरतंतूंचं कंपन सुरू व्हायला साधारण 60 मिलिसेकंद लागतात, म्हणजे मध्ये हवेचा झोत येतो. आपल्या 'प'मध्ये ही फट जवळपास नसते. आपल्याला वाटतं आपण 'पॅक' म्हटलं, इंग्रजी कानाला ते 'बॅक' वाटू शकतं. ही फट मोजण्याची पद्धत लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी 1964 मध्ये मांडली, आणि त्यांनी तपासलेल्या भाषांमध्ये मराठीही होती. 'प', 'फ', 'ब', 'भ' अशी चार खणांची भाषा म्हणून.

मोजण्यासाठी 'प्रात' हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्या. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी ते केलं आहे. आधी स्वतःच्या मराठी शब्दांवर हात बसवा, मग इंग्रजीकडे वळा.

कान तयार करता येतो, ही या विषयातली सगळ्यात आनंदाची गोष्ट. जपानी भाषकांना इंग्रजी 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत. 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी त्यांना अनेक वक्त्यांचे आवाज ऐकवून, प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते सांगत सराव दिला आणि ओळखणं सुधारलं. ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं, की नुसत्या ऐकण्याच्या अशा सरावाने उच्चारही सुधारतो. अनेक आवाज महत्त्वाचे. एकाच शिक्षकाच्या आवाजावर तयार झालेला कान दुसऱ्या आवाजाला अडखळतो. पण 'आधी कान, मग तोंड' हा अटळ नियम समजू नका. शेल्डन आणि स्ट्रेंज यांना 1982 मध्ये असे जपानी भाषक आढळले, ज्यांचा उच्चार त्यांच्या ओळखण्यापेक्षा चांगला होता. म्हणून दोन्ही वेगवेगळं मोजा.

शेवटी काय सुधारायचं हेही ठरवावं लागतं. मनरो आणि डर्विंग यांनी 1995 मध्ये दाखवलं, की ठळक परका हेल असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. 'थिंक'मध्ये आपला 'थ' आला तर समजण्यात सहसा अडत नाही. 'शिप' आणि 'शीप' एकसारखे झाले तर अडू शकतं. पहिल्या प्रकल्पासाठी अशी एकच जोडी घ्या, आणि शब्द सुटे न ठेवता वाक्यातही ऐकवा, कारण सुट्या शब्दात साधलेला फरक भरभर बोलण्यात बरेचदा निसटतो.