ब्लाउजपीसचा टेबल लॅम्प

सांगलीत मारुती रोडला दुकानदार तागा उलगडून समोर टाकतो आणि आपण छपाई बघून भुलतो. लॅम्पच्या कापडाला हे चालत नाही. मोबाईलची बॅटरी लावायची, त्यावर कापड एकपदरी धरायचं आणि मगच पैसे काढायचे. अजरख, म्हणजे कच्छकडचं ठशांनी छापलेलं कापड, दिवसा कितीही देखणं दिसो, त्या गडद निळ्या-लालातून उजेड येत नाही, नुसते पांढरे ठिपके चमकतात. कोपऱ्यात मंद दिवा हवा असेल तर मी मुद्दाम तेच घेते. वाचायला हवा असेल, तर पांढऱ्यावर बारीक फुलांचं सांगानेरी सुती घ्या.

लॅम्पच्या शेडचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या: २२ सेंटिमीटर व्यासाच्या दोन रिंगा, मध्ये २० सेंटिमीटरचे तीन उभे गज, वर बल्बच्या होल्डरसाठी छोटी रिंग. होल्डर सोबत न्या, तोंडी माप सांगत बसू नका. पांढरा ऑइलपेंट मारा, नाहीतर पावसाळ्यात गंज कापडावर उतरतो.

कापड आधी धुवा. आटायचं ते आत्ताच आटू दे. मग साबुदाण्याची पातळ खळ. दाणे पार विरघळेपर्यंत शिजवा आणि गाळाच. गाळायचा कंटाळा केलात, तर राहिलेली गुठळी दिवा लागला की माशी बसल्यासारखी दिसते. खळ दिलेलं कापड सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवा.

रिंगेचा परीघ ६९ सेंटिमीटर. कापड ७१ बाय २४ कापा: २ जोडाला, वर-खाली दोन-दोन मुडपायला. एका ब्लाउजपीसमध्ये सहज बसतं. धागा सरळ धरूनच कापा. तिरकं कापलेलं ताणलं की पिळतं.

वरच्या रिंगेला फेविकॉल लावून कड आत मुडपा, कपड्यांचे चिमटे लावा. ते वाळलं की खाली ताण देत तसंच. जोड बरोबर एका गजावर आणा. गजाची सावली पडायचीच, तिच्यात तो लपतो.

बल्ब ५ वॅटचा, पिवळसर एलईडीच; जुना तारेचा बल्ब कापड करपवेल. वरचं-खालचं तोंड उघडं राहू दे. स्टँड लाकडी बरा. पितळी असेल तर अर्थिंगची तीन पिनांची वायर घ्या, आणि हे काम वायरमनलाच द्या.

धूळ कोरड्या ब्रशने झटका, ओल्या फडक्याने खळ सुटते. कापड विटलं की होल्डर काढून सांगाडा कोमट पाण्यात भिजत घाला, जुनं सोलून निघेल. मग दुसरा ब्लाउजपीस चढवा.