लहान मुलाला कॉनला न्यायचंय? आधी बोळ बघा

आम्ही लहान असताना बाबा विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रोडला न्यायचे. गणपती यायच्या आधी ते बोळ शोधायचे. कुंटे चौकाच्या आसपास, एखाद्या बोळाच्या अगदी तोंडाशी आम्हाला उभं करायचे. पुढे कितीही मोकळी जागा दिसली तरी तिकडे जायचं नाही. रेटा आला की आम्हा दोघा भावंडांना दंडाला धरून मागे ओढायचे. गणपती अर्धाच दिसायचा, पण आम्ही कधी चेंगरलो नाही.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि ॲनिमेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, मी हे साफ विसरले. थोरला तेरा वर्षांचा, ॲनिमेचं (जपानी कार्टूनचं) वेड असलेला. धाकटी साडेचारची. तिला परीचे पंख हवे होते. रविवार पेठेतून फोमची शीट आणली, तुळशीबागेतून जाळी आणि लेस, आणि तीन रात्री बसून ते केले. शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला दोन स्टॉलांच्या मधल्या वाटेत आम्ही अडकलो. सहीची रांग वळून त्याच वाटेत आली होती, पुढे एका कॉस्प्लेवाल्याचा, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करून आलेल्याचा, फोटो काढायला लोक थांबले होते आणि मागून माणसं येतच होती. मला समोर बॅनर दिसत होते, पंख्याचा वारा लागत होता, सगळं ठीक वाटत होतं. तिचा हात घामाने निसटायला लागला म्हणून खाली बघितलं. तिच्या तोंडासमोर कुणाची तरी सॅक होती, पाठीला कुणाची तरी मांडी, आणि एक पंख मोडून गळ्यापाशी आलेला. ती रडत नव्हती. तोंड उघडं ठेवून नुसती वर बघत होती. उचलून घेतलं तर फ्रॉक पाठीला चिकटलेला. वाट फार तर चाळीस पावलांची, बाहेर पडायला वीस मिनिटं लागली.

तेव्हापासून मी गर्दी मुलाच्या उंचीवरून मोजते. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटिमीटरचं असतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर. हॉलमध्ये शिरल्यावर एकदा उकिडवं बसून त्या उंचीवरून बघा. दहा पावलांवरची जमीन दिसत असेल तर पुढे जा. नुसत्या जीन्स आणि सॅका दिसत असतील तर तिथूनच मागे फिरा.

न्यायचं की नाही, हे तिकीट काढण्याआधी ठरवा. माझं मत स्पष्ट आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल नेऊ नये. छातीशी बांधलेलं तान्हं तर अजिबात नाही, कारण गर्दीचा दाब आधी त्याच्यावरच येतो. तीन ते सहाच्या मुलांना फक्त सकाळी, दार उघडल्यापासून दोन-अडीच तास. त्याहून मोठ्यांना त्यांची स्वतःची हौस असेल तर. कॉन ही मुळात वाचकांची, संग्राहकांची जागा. सॅन डिएगोतलं कॉमिक-कॉन १९७० साली सुरू झालं तेव्हा सुमारे ३०० लोक आले होते. आता सव्वा लाखाच्या वर येतात. आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झालं. हे सगळं वाढत गेलं ते चाहत्यांसाठी, आणि त्यात काही चूक नाही. पण मूल लहान आहे म्हणून तिकीट लागत नसेल, तर त्याचा अर्थ जागा त्याच्यासाठी केली आहे असा होत नाही. आयोजकांना फोन करून विचारा: बाहेर पडायची दारं किती, एकदा बाहेर गेलं तर परत आत घेतात का, मुलांना बसायला वेगळी जागा आहे का. परत आत घेत नसतील तर लहान मुलासाठी तो कार्यक्रम मी सोडून देते. बाहेर जाऊन दहा मिनिटं झाडाखाली बसता आलं पाहिजे.

शनिवार दुपार टाळा. त्यापेक्षा रविवारी सकाळी जा. नावाजलेला पाहुणा कधी येणार ते वेळापत्रकात बघा आणि त्याच्या तासभर आधी हॉल सोडा. सगळी गर्दी एकदम एकाच बाजूला सरकते ती तेव्हा.

धोका हॉलच्या मध्यभागी कमी असतो. तो अरुंद जागी असतो. दार, जिना, वळण, उतार. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरीत जवळजवळ ३०० माणसं मेली, ती डोंगरावरच्या अरुंद वाटेवर. २०१७ साली मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर तसेच २३ जण मेले; पाऊस होता, लोक जिन्यावर थांबून राहिले होते. अशा वेळी बहुतेक माणसं तुडवली जाऊन नाही, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास न मिळून मरतात. एक मीटर लांब-रुंद चौकोनात तीन-चार माणसं असतील तर आपली पावलं आपल्या ताब्यात असतात. पाचाच्या पुढे अंगाला अंग लागतं. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हलते आणि आपण तिच्याबरोबर. म्हणून खूण लक्षात ठेवा: दोन्ही खांद्यांना एकाच वेळी अनोळखी माणसं लागली की मुलाला उचला आणि कडेला निघा. पुढे काय आहे ते बघायला थांबू नका.

निघायचं ते तिरकं. सरळ उलट्या दिशेने रेटा देऊ नका. गर्दी पुढे-मागे झुलते. झोका ओसरला की एक-दोन पावलं कडेकडे. मुलाला इतकं वर घ्या की त्याची छाती आणि तोंड लोकांच्या कोपरांच्या वर राहील. चालत्या गर्दीत खांद्यावर मात्र बसवू नका, तोल गेला तर दोघं पडाल. चप्पल निघाली, मोबाइल पडला, तरी वाकायचं नाही. हे मुलालाही घरी सांगून ठेवा, कारण पडलेलं खेळणं उचलायला ते वाकणारच. धाकटीबरोबर मी हे दिवाणखान्यात उशा टाकून खेळले. आता ती पटकन दोन्ही हात वर करते, म्हणजे “घे”.

आत गेल्यावर कुठलाही स्टॉल बघायच्या आधी दोन दारं बघा, आलो ते आणि त्याखेरीज एक. मुलालाही दाखवा: “हा आपला बोळ.” चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं तेही तेव्हाच ठरवा. ती जागा हलणारी नको; कॉस्प्लेवाला दादा निघून जातो, खांब जात नाही. त्या दिवशी घातलेल्या कपड्यांत मुलाचा फोटो दारातच काढा. आपला नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवाच, शिवाय दंडावर बॉलपेनने लिहा. वेषांतराच्या कपड्यांना बहुतेक खिसेच नसतात. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. सापडेनासं झालं तर आधी सुरक्षारक्षक आणि माइकवरची घोषणा, लगेच ११२. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

वेष साधा ठेवा. पंख, शेपटी, लांब झगा, गळ्यात बांधलेली नाडी, यातलं काहीच नको. केप हवीच असेल तर ती वेल्क्रोने लावा, ओढली की सुटली पाहिजे. बाबागाडी गाडीतच राहू द्या. मुखवटेवाल्यांना मुलं घाबरतात. जवळ जायची जबरदस्ती करू नका आणि फोटो आधी विचारूनच काढा.

आवाजाचं आपल्याला ढोल-ताशामुळे काही वाटेनासं झालंय. ८५ डेसिबलला मोठ्या माणसाची मर्यादा आठ तासांची धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. स्टेजजवळ उभं राहायचं असेल तर मुलांचे इअरमफ घ्या. कापसाच्या बोळ्याने भागत नाही.

थोरल्याचा हिरमोड होतो, हे खरं आहे. त्याला दुपारचं पॅनल, म्हणजे स्टेजवरच्या पाहुण्यांच्या गप्पा, ऐकायचं असतं आणि बहिणीमुळे बाराला निघावं लागतं. आम्ही त्यावर फार भांडलो. यंदा शनिवारी तो मामाबरोबर जाणार आहे, पूर्ण दिवस. रविवारी दहाला मी आणि धाकटी, साडेबाराला बाहेर. पंख तिने घरीच ठेवायचे कबूल केलंय, फक्त लेस मनगटाला बांधून हवी आहे.